तळपायाची गाठ आणि बाहेर उघडणारं दार

मी आयुष्यात एकदाच कोंडला गेलो. पोलिसांनी नाही, घरच्यांनीही नाही, मेंढरांनी. ती ऐंशीच्या आसपास होती, त्यांतल्या काहींना शिंगं होती, आणि दिवसभरात एकानेही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. तो अपमान मला अजून जसाच्या तसा आठवतो.

गाव मानवत. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. पॅथॉलॉजीचा डिप्लोमा खिशात घालून मी तिथल्या एका खाजगी दवाखान्यात लागलो होतो. दवाखाना एका वयस्क सर्जनांचा. त्यांचं शिक्षण हैदराबादेत झालेलं, त्यामुळे रागावले की ते मला ‘बरखुरदार’, म्हणजे चिरंजीव, म्हणत, आणि खूश असले की काहीच म्हणत नसत. गावाला पॅथॉलॉजिस्ट म्हणजे काय हे समजावता समजावता माझा अख्खा पावसाळा गेला. शेवटी गावानेच माझी व्याख्या केली: सुई न देणारे डॉक्टर. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, याचा निकाल मी लावला नाही.

माझी प्रयोगशाळा म्हणजे पूर्वी एका व्यापाऱ्याची कापूस साठवायची खोली. वर पत्रे, एक गजाची खिडकी, आणि एक भक्कम दार. हे दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. आत छतापर्यंत कापूस भरलेला असताना आत उघडणारं दार काय कामाचं, असा व्यापाऱ्याचा हिशेब असणार. मला त्या दाराबद्दल कधी काही वाटलं नव्हतं. ज्याला कोंडून घ्यायचंय त्याने अशा गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतंच.

सूक्ष्मदर्शकाला दिवा नव्हता, आरसा होता. खिडकीसमोर कापसाच्या जिनिंग कारखान्याची चुना लावलेली उंच भिंत होती. तिच्यावर ऊन पडायचं, तो उजेड माझ्या आरशात यायचा, आणि आरशातून काचेवर. त्या भिंतीवर ऊन असेतोवर मी डॉक्टर, ते उतरलं की सामान्य माणूस.

काम मुख्यतः तापाचं. हिवतापाच्या रक्ताच्या काचा, खोकल्याच्या बेडक्यांच्या काचा, दिवसाला वीस-पंचवीस. हे जंतू इतके बारीक की सगळ्यांत मोठ्या भिंगाशिवाय दिसत नाहीत. त्यामुळे सकाळी मोठं भिंग खाली आलं की संध्याकाळपर्यंत तिथेच. सगळ्यांत लहान भिंग, ज्यातून काच जरा लांबून, सबंध दिसते, ते कित्येक महिने फिरवलंच नव्हतं. त्याच्यावर धुळीचा थर होता. हे ध्यानात ठेवा. पुढे यानेच माझी फजिती केली.

महिन्याकाठी एखाद-दुसरी गाठ यायची. सर्जनसाहेब कापून फॉर्मलिनच्या बाटलीत टाकायचे, मी ती मेणात बसवून, तिचे कागदाहून पातळ काप काढून, निळ्या-गुलाबी रंगात रंगवून बघायचो. चरबीच्या गाठी, मस, पुळ्या. सहा महिने असलं बघून बघून मी एखाद्या मोठ्या रोगासाठी आसुसलो होतो. आज हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. आणि एके दिवशी बाटलीतून एक लालसर, मऊ, तळपायाच्या गाठीचा तुकडा आला. मी काच मोठ्या भिंगाखाली घातली. गच्च गर्दी. गडद निळ्या पेशींची खेटाखेट, त्यांतल्या दोन-तीन विभागत असलेल्या. माझ्या छातीत ढोल वाजला. तळपायाला काळा कॅन्सर होतो, कधी तो काळा नसून लालही असतो, हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं. मी सुवाच्य अक्षरात रिपोर्ट लिहिला: कॅन्सर. खाली लांबलचक सही ठोकली. मग दिवसभर शीळ घालत फिरलो.

सर्जनसाहेबांनी तारीख दिली. सोमवारी सकाळी पाय घोट्याच्या वरून काढायचा.

पाय कोणाचा, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या धंद्यात माणूस येत नाही, माणसाचा तुकडा येतो.

आता रविवार. चैत्राचं ऊन. मी नवीन टेरिलीनचा शर्ट आणि इस्त्रीची पँट घालून दहा वाजता खोलीत गेलो, कारण सोमवारच्या ऑपरेशनच्या रक्त-लघवीचं एक तपासणं राहिलं होतं. ते उरकून अडीचची एसटी पकडायची आणि चार वाजता परभणीत मुलगी बघायची, असा बेत होता. झळा आत येऊ नयेत म्हणून दार लावून घेतलं. मधे काही घसटल्याचे, खोकल्यासारखे आवाज आले, पण दवाखान्यात खोकण्याकडे कोण लक्ष देतो. दोन वाजता सामान आवरलं, भांग पाडला, दार ढकललं.

दार बोटभर सरकलं आणि थांबलं.

पुन्हा ढकललं. बाहेरून कोणीतरी फुरफुरून श्वास सोडला. फटीतून पाहिलं तर लोकर. पडवीत, पायरीवर, दाराला रेलून, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून मेंढरं बसली होती. आठवड्यापासून हा कळप रात्री सर्जनसाहेबांच्या मोसंबीच्या बागेत बसायला असे. मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं, त्यासाठी साहेबांनीच तो बोलावला होता. आज दुपारी सावली होती ती फक्त माझ्या पडवीत. तिथे ती शिरली होती, आणि ती पांगू नयेत म्हणून कोणीतरी पडवीच्या खांबांना वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, बांधून टाकली होती. जाळीच्या आत मेंढरं. मेंढरांच्या आत मी.

मी खिडकीशी गेलो. समोरच्या भिंतीच्या बुडाशी, काठीवर घोंगडं टाकून केलेल्या सावलीत एक चाळिशीची बाई बसली होती. उजव्या पायाला चिंधी.

“बाई, मेंढरं हलवा जरा. मला बाहेर यायचंय.”

“आता न्हाई उठायची ती.”

“का नाही?”

“उन्ह बगा की कसलं हाय. ह्या उन्हात हाकली तर दोन-चार जागीच पडतील. कललं की उठतील आपसूक.”

“कधी कलेल?”

“चार. साडेचार.”

“अहो, माझी अडीचची एसटी आहे.”

“मंग उद्याच्याला जावा. एसटी रोजच हाय.”

“उद्या चालणार नाही. मुलगी बघायला जायचंय.”

तिने मला आता नीट पाहिलं. भांग, टेरिलीन, सगळं. “पोरगी काय मेंढरू हाय का, उन्हात पडायला. ऱ्हाईल की घरात.” मग म्हणाली, “तुमीच का ते? काचंत बगून माजा पाय लिवलेले?”

मी एक पाऊल मागे सरकलो. खोली बारा फुटांची होती, फार मागे जाता आलं नाही.

“मी फक्त रिपोर्ट लिहितो, मावशी. काय कापायचं ते सर्जनसाहेब ठरवतात.” हे वाक्य मी तेव्हा फार वापरायचो. त्यात मला स्वतःला पुष्कळ आराम वाटायचा.

“म्हंजी तुमी नुस्ती चुगली करता.”



अडीच वाजले. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी खुर्चीवर बसलो, पत्रा तापलेला, खोलीत स्पिरिटचा वास, आणि खिडकीत ती बाई. माझ्याकडे बघत नव्हती, पायाची चिंधी सोडवत होती. तिचा नवरा गंगाखेडकडच्या त्यांच्या वाडीवर गेला होता, तिच्या आईला आणायला. पाय गेल्यावर घरात कोणीतरी लागणार. कळप आता कोण चालवणार, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तेच इचार करायलेय. आमचं मानूस कळपाच्या मागनं चालतंय. म्होरं मी चालती. मेंढरू म्होरल्याच्या पायाकडं बगून चालतंय, डागदर. काठीकडं बगून न्हाई.”

नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “गाठ कधी आली?”

“धाकटी पोटात व्हती तवा. काटा मोडला व्हता बाभळीचा.”

“धाकटी केवढी आहे?”

“पाच साल झाले. कोकरांमागं पळती आता.”

“आणि गाठ वाढत गेली?”

“पयलं साल वाढली. मंग हाय तितकीच. चाललं की रगत येतं, बसलं की थांबतं. आमी बसतो कवा पण.”

 मी ज्या रोगाचं नाव लिहिलं होतं, तो पाच वर्षं एका जागी शहाण्यासारखा बसून राहणारा नव्हे. एवढ्यात त्याने तिला कधीच संपवलं असतं. माझ्या फॉर्मवर ‘किती दिवसांपासून’ असा एक रकाना होता. तो कोरा होता, आणि तो कोरा का आहे हे विचारायला मी शंभर पावलंसुद्धा चाललो नव्हतो.

“मला दावा की,” ती म्हणाली.

“काय?”

“माजा पाय. काचंतला. उद्या जानार, तर एकडाव बगू तरी.”

नाही म्हणायला कारण होतं, पण पळून जायला जागा नव्हती. मी तिला ते घोंगडं भिंतीपासून काढायला लावलं, कारण त्याने माझा अर्धा उजेड अडवला होता. टेबल खिडकीला भिडवलं, सूक्ष्मदर्शकाचं तोंड दोन गजांमधून तिच्याकडे केलं आणि जुनी काच लावली. आता नवख्या माणसाला मोठ्या भिंगातून काहीच उमगत नाही, नुसते ठिपके दिसतात. म्हणून मी लहान भिंग फिरवलं. रुमालाने त्याची धूळ पुसली. तो रुमाल मुलीच्या घरासाठी होता.

ती एका पायावर उभी राहिली, एक डोळा मिटला, आणि दुसरा नळीला लावला.

“काय दिसतंय?”

“वर ही कातडी हाय. खाली हे लोंबलंय, निळं निळं.” मग ती म्हणाली, “मधी बांध हाय की.”

“कसला बांध?”

“शेताला असतोय तसला. हिकडं कातडी, तिकडं निळं. कुनी कुनाच्या रानात गेलेलं न्हाई. समदी येकाच मापाची दिसत्यात, कोकरं एका वेताची असत्यात तशी.”

मी सूक्ष्मदर्शक जवळजवळ तिच्या डोळ्याखालून ओढून घेतला. पाहिलं. आणि टेरिलीनच्या आत मला घाम फुटला.

बांध होता. कातडीच्या नेहमीच्या मोठ्या, गुलाबी पेशी एका बाजूला, आणि त्यांच्यातून खाली उतरलेले रुंद पट्टे, बारीक, निळ्या, एकसारख्या पेशींचे. मधली रेघ सुरीने आखावी तशी. कॅन्सर असा वागत नाही. त्याच्या पेशी लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या असतात, बांध फोडून एकट्या-दुकट्याने खाली घुसतात. मी मोठ्या भिंगातून त्या कळपाच्या मधोमध उभा राहिलो होतो, म्हणून मला नुसती गर्दी दिसली होती. गाठीला कड आहे का, हेच मी पाहिलं नव्हतं.

“काय झालं?” तिने विचारलं. “गप कामून बसलाव?”

“मावशी, दोन तास थांबा.”

“मी कुटं जायलेय. कोंडलेले तुमी हाव.”

आता मला खात्री हवी होती, आणि खात्रीची एकच खूण होती. कातडीच्या घामाच्या नळ्यांपासून एक साधी, निरुपद्रवी गाठ होते, तळपायावरच जास्त. ती असली तर त्या निळ्या गर्दीत कुठेतरी पेशी आपलं जुनं काम आठवून घामाची नळी बनवायला बघतात. एक बारीक भोक, आणि भोकाला आतून चकचकीत गुलाबी रेघ. जुन्या काचेत अशी एक जागा होती, पण तिथे काप दुमडला होता. शंकेवर पाय वाचवता येतो का? आला असता तर बरं झालं असतं. मेणाचा ठोकळा खोलीतच होता. नवे काप काढायचे.

चैत्रात मानवतला पत्र्याखाली मेणाचे काप काढणं हा प्रकार कोणाला करून बघायचा असेल तर त्याने जरूर करावा. मेण मऊ होतं, काप पात्याला चिकटतो, गोळा होतो. पहिले पाच वाया गेले. मी शर्ट काढून खुंटीला लावला. खोलीत थंड असं एकच होतं, माझ्या पिण्याच्या पाण्याचा माठ. ठोकळा त्यात बुडवला. पाच मिनिटं बुडवायचा, दोन काप काढायचे, पुन्हा बुडवायचा. मेण-ठोकळ्याचं पाणी काही पिता येईना, आणि उरलेलं रंग धुवायला लागलं. मी बनियनवर, कोरड्या घशाने, इस्त्रीच्या पँटवर निळे डाग पाडत काम करत होतो, आणि ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती.

“पानी देऊ का?” एकदा तिने विचारलं आणि गजांतून आपला तांब्या आत सरकवला. मी गटागट प्यालो.

“पोरीनं ह्या रूपात बगितलं असतं तर,” ती म्हणाली, “तिला निवडायला सोपं गेलं असतं.”

साडेचारच्या सुमाराला चौथ्या काचेत ते भोक सापडलं. गोल, स्वच्छ, आतून गुलाबी. शेजारी दुसरं. जरा वर तिसरं, लांबट. मी मोठं भिंग लावलं, लहान लावलं, परत मोठं. नळ्या नळ्याच राहिल्या. बाहेर मेंढरं उठत होती, एकमेकांवर शिंकत होती. दार आपोआप वीतभर उघडलं. मी सुटलो होतो, पण मला बाहेर जायचं नव्हतं. आता सर्जनसाहेबांना सांगायचं होतं.

ते पाच वाजता आले, बागेतून, हातात छत्री. बनियनवरचा मी, खिडकीत पेशंट, पडवीत लेंड्या, हे सगळं त्यांनी एकदा पाहून घेतलं.

“क्या बरखुरदार.”

मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. जुना काप नीट आला नव्हता, नव्या कापात नवीन गोष्ट दिसली, म्हणून निदान बदलतो. इज्जत राहिली असती. त्यांनी नवी काच पाहिली, शांतपणे, पाच मिनिटं. मग हात पुढे केला.

“जुनी.”

मी जुनी दिली. तीही त्यांनी पाहिली. “ही रेघ यात नव्हती?”

ती खिडकीत उभी होती. तिला रेघ कोणती ते नेमकं ठाऊक होतं.

“होती,” मी म्हटलं.

“मग दिसली का नाही?”

“मी मोठ्या भिंगाखालून हललोच नाही, सर.”

“आज लहान भिंग कोणामुळे लावलं?”

मी खिडकीकडे बोट केलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला.

“कापलेला पाय मला शिवता येत नाही,” ते म्हणाले. “आणि तुमचं मत पुन्हा बदललं तर?”

“नाही बदलणार.”

“सही करा.”

मी जुन्या रिपोर्टवर आडवी रेघ मारली, ‘चुकीचा’ असं लिहिलं, आणि नव्याखाली सही केली. या वेळी आखूड.

“उद्या गाठ काढतो, भोवतालची थोडी चांगली कातडी घेऊन. पाय राहतो. पण हा पाय दर साल तुम्ही बघायचा. दुसरं कोणी नाही. तोपर्यंत मानवत सोडायचं नाही.”

“किती वर्षं, सर?”

“गाठ पाच वर्षं बसली होती ना एका जागी? तुम्हीही बसा.”

त्या वेळी माझ्या डोक्यात औरंगाबादची नोकरी होती, बल्बवाला सूक्ष्मदर्शक होता, पंखा होता. सगळं एका वाक्यात पत्र्याखाली कोंडलं गेलं. परभणीहून निरोप आला तो असा की मुलीकडच्यांनी सहापर्यंत वाट पाहून पोहे स्वतःच संपवले.

साहेब गेल्यावर बाईला मी तेच पुन्हा नीट सांगितलं तेव्हा ती हसली नाही, रडलीही नाही. खाली बसली आणि चिंधी पुन्हा बांधायला लागली. दोनदा गाठ सुटली.

“ऱ्हायला म्हना,” ती म्हणाली. कोणाला, ते कळलं नाही.

पुढच्या वर्षी कापूस वेचून झाल्यावर कळप आला, ती पुढे, चालत. माझ्या पायरीवर बसून तिने तळपाय वर केला. “घ्या. वाचा.” पांढरी व्रणाची रेघ, बाजूची कातडी स्वच्छ. मी हातातल्या भिंगाने कडेकडेने बघितलं, आधी लांबून. तिचं लक्ष माझ्या दाराकडे होतं.

“दार फिरवून घेतलाव जनू.”

“हो. आता आत उघडतं.”

“खिडकी हाय की मंग,” ती म्हणाली, आणि घोंगडं घेऊन भिंतीकडे गेली.

असं पाच वर्षं. ती यायची, पाय द्यायची, माझी खोड काढायची. मधल्या काळात माझं लग्न झालं, मला लहान भिंगाची सवय झाली, आणि गावाने मला ‘पाय बघणारे डॉक्टर’ असं नवं नाव दिलं. पाचव्या साली व्रण इतका पुसट झाला होता की मला तो शोधावा लागला. मी भिंग खिशात ठेवलं.

“झाले पाच साल,” ती उठत म्हणाली. “माजा पाय सुटला. तुमी बी सुटलाव, डागदर.”

मी म्हटलं, आता या वयात जाऊ तरी कुठे. तोवर मला बत्तीस वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती.

ती कळपाच्या पुढे जाऊन उभी राहिली होती. मेंढरं तिच्या पायांकडे बघत उठत होती.

“अडीचची एसटी हाय की,” ती म्हणाली.